तीन काट्यांचा मासा आणि त्याचे भाऊबंद

दांडिया बाजारात माझ्याकडे शिकवणीला येणारी बी.एस्सी.ची मुलं वर्गीकरण म्हटलं की कंटाळतात. मग मी स्टिकलबॅक काढते. उत्तरेकडच्या थंड पाण्यातला, जेमतेम बोटाएवढा मासा. पाठीवर तीन सुटे काटे. शत्रू दिसला की ते ताठ उभे करतो आणि तसेच अडकवून ठेवतो, मग गिळणाऱ्याचीच पंचाईत. अंगावर खवले नाहीत, हाडांच्या पट्ट्या.

वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसनं १७५८ मध्ये दिलेलं गॅस्टरोस्टियस ॲक्युलिएटस हे नाव आजही टिकून आहे. गण, म्हणजे कुळांचा मोठा गट, मात्र बदलला! आमच्या जुन्या पुस्तकांत तो समुद्रघोड्याचा जवळचा नातलग होता. डीएनएनं ते नातं मोडलं. आता ईलपाउट हे लांबुळके समुद्री मासे त्याचे भाऊबंद. म्हणजे ते हाडांचं चिलखत स्टिकलबॅक आणि समुद्रघोडा या दोघांनी आपापलं, वेगवेगळं कमावलंय. इथं पोचलो की मुलं प्रश्न विचारायला लागतात, आणि माझा तास लांबतो.