रविवार कारंजावरचा धूर
आज आईला घेऊन नाशिकच्या रविवार कारंजावरून मेनरोडला गेले. तिला दमा, दहा मिनिटांत पदर नाकाला लागला.

येताना रिक्षावाल्या दादांना सांगितलं, लंडनमध्ये २०१९ पासून जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना शहराच्या मध्यात शिरायचे दिवसाला साडेबारा पौंड पडतात. २०२३ मध्ये नियम अख्ख्या लंडनला लागला, विरोधही खूप झाला.
"ताई, नवी गाडी घ्यायला पैसे कोण देणार?"

खरंय त्यांचं. तिथे जुनी गाडी मोडीत काढायला अनुदान तरी दिलं. स्वच्छ हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आपलं नाशिकही आहे. असा नियम मेनरोड, सराफ बाजार, एवढ्यापासून तरी सुरू करा ना! पण आधी दादांच्या नव्या गाडीच्या हप्त्याची सोय बघा.

आईचा पंप आत्ता उशाशीच ठेवलाय.