तहकूब ग्रामसभा

२ ऑक्टोबरची तहकूब झालेली ग्रामसभा आज एकदाची पार पडली. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तेवढे लागतात. त्या दिवशी देवळाच्या मंडपात जेमतेम चाळीस डोकी होती. आज तर पंचवीसच. पण तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! (आधी महिलासभा घ्यावी लागते. ती झाली म्हणे. आम्हा बायकांनाच पत्ता नाही.)

विकास आराखड्याचा विषय निघाल्यावर कुणाला पेव्हर ब्लॉक हवे, कुणाला वेशीवर कमान. ग्रामसेवक म्हणाले, १५व्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी पाणी-स्वच्छतेसाठीच बंधित, त्यातून कमान नाही. तशा मागे बसलेल्या शेजारच्या काकू उठल्या. "मग आमच्या आळीला नळाला पाणी रात्री दोन वाजता का येतं? घागर भरायला उठतं कोण, मीच ना?"

मंडप चिडीचूप. मग कुणीतरी म्हणालं, "बघू."

"बघू नको भाऊ, ठरावाच्या वहीत लिही. लिहिलेलं वाचून दाखव, मग सही करते."

लिहिलं. दोनदा वाचायला लावलं. चहा पार गार झाला होता.