ग्वाल्हेरचा गुजरी महाल: किल्ला पायथ्यापासून पाहा

महाराष्ट्रातून येणारे पाहुणे बहुधा उरवाई दरवाज्याने गाडी थेट वर नेतात, मान मंदिर हा वरचा राजवाडा पाहतात आणि तसेच खाली उतरतात. किल्ल्याच्या पूर्वेकडच्या उतारावरचा गुजरी महाल त्यांच्या वाट्याला येतच नाही. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना याची फार हळहळ वाटते. म्हणून या खेपेला पुण्याच्या नातेवाईकांना आधी तिथेच नेलं.

महाराज बाडा या लश्करच्या मुख्य चौकातून रिक्षा करा आणि ‘किला गेट’ सांगा. आलमगिरी दरवाज्यातून आत शिरल्यावर थोड्याच अंतरावर महाल लागतो. राजा मानसिंह तोमर (१४८६–१५१६) याने आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी, तो बांधला. माहेरच्या राई गावचं पाणी महालात येणार असेल तरच लग्न करीन, अशी अट तिने घातली होती, असं इथे घरोघरी सांगतात.

मान मंदिरासारखा रंगीत फरश्यांचा थाट इथे नाही. भिंती घडीव दगडाच्या, भारदस्त. वर छोटे घुमट, आणि छज्जे तोलून धरणारे कोरीव दगडी हस्त. बाहेरून ही गढीच वाटते, पण आत गेलं की मोकळा चौक आणि त्याच्या चारही बाजूंना लहान लहान दालनं. मला मान मंदिरापेक्षा हीच वास्तू जास्त राहती वाटते.

या दालनांत आता राज्य सरकारचं पुरातत्त्व संग्रहालय आहे. ते उभं केलं ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे यांनी, आणि १९२२ साली ते लोकांसाठी खुलं झालं. ग्वाल्हेरजवळच्या पवाया या प्राचीन ठिकाणचं उत्खननही त्यांचंच. तिथला मणिभद्र यक्ष इथे आहे, त्याच्यासमोर जरा थांबा. गर्द्यांचं नाव मराठी वाचकांना ठाऊक असायलाच हवं.

ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे झाडाखाली उभ्या असलेल्या स्त्रीची दगडी मूर्ती, मात्र अजिबात चुकवू नका. ती बंदोबस्तात ठेवलेली असते. दिसली नाही तर कर्मचाऱ्यांना विचारा, ते दाखवतात. हात तुटलेत, पायही गेलेत, तरी कमरेचा बाक तस्साच आहे. केसांवरची मोत्यांची जाळी, गळ्यातले सर, आणि ओठांच्या कोपऱ्यात जेमतेम उमटलेलं हसू. आमच्या आत्याबाई तिथून हलेचनात.

संग्रहालय सोमवारी बंद असतं. तिकीट मान मंदिराच्या तिकिटाहून वेगळं, सुटे पैसे जवळ ठेवा.

पुढची चढण पायीच, या वाटेने गाड्या जात नाहीत. फरसबंदी गुळगुळीत झाली आहे, तेव्हा चांगली पकड असलेली पादत्राणं हवीत. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा आणि पाणी बरोबर घ्या. वाटेत गणेश दरवाज्याच्या पुढे एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. त्यातल्या इ. स. ८७६च्या शिलालेखात २७० हात लांबीची बाग आणि रोजच्या ५० माळा यांचे आकडे आहेत, आणि त्यांतलं शून्य आपण आज काढतो तसंच गोल आहे. लहान मुलं बरोबर असतील तर हे त्यांना जरूर दाखवा.

हत्ती दरवाज्याशी पोचलात की समोर मान मंदिर. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी गुजरी महाल पाहून गाडीने उरवाईकडून वर यावं. म्हणजे त्या वाटेवरच्या कड्यात कोरलेल्या, तोमरांच्या काळातल्या प्रचंड जैन मूर्तीही बघून होतात.