स्वतःबद्दल काय सांगू, सर?

मुलाखतीची तयारी कशी करायची, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न ठरलेला असतो. कुणाचा भाचा, कुणाची मुलगी, मागच्या गल्लीतला इंजिनिअर घरी येतो, फोन करतो, नाहीतर हातात भाजीची पिशवी असताना इथं सोलापुरात नव्या पेठेत गाठतो. "सर, पुण्याला इंटरव्ह्यू आहे. स्वतःबद्दल सांगा म्हणाले तर काय सांगू?" चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात भरतीचं काम मी बरीच वर्षं केलं, म्हणून माझ्याकडे तयार उत्तर असणार असं सगळ्यांनी धरून ठेवलंय.

तयार उत्तरं मोबाइलवर ढिगानं मिळतात आणि समोरच्यालाही ती तोंडपाठ असतात. 'मायसेल्फ अमुक, आय ॲम फ्रॉम सोलापूर, माय हॉबीज आर क्रिकेट अँड म्युझिक' हे तो सकाळपासून ऐकत बसलेला असतो. आतली एक गोष्ट सांगतो. बऱ्याचदा मुलाखत घेणाऱ्यानं तुमचा बायोडेटा आधी वाचलेलाच नसतो. तुम्ही स्वतःबद्दल बोलता तेवढ्यात तो कागदावरून नजर फिरवतो आणि पुढचा प्रश्न तुमच्याच बोलण्यातून उचलतो. म्हणजे पुढची वीस मिनिटं कशावर बोलायचं, हे बरंचसं तुमच्या हातात असतं. असं असताना ती क्रिकेटवर का घालवायची?

मग त्याच्यापुढं ठेवायचं काय? आपली मुलं एक गोष्ट हमखास लपवतात, ती म्हणजे घरचं काम.

मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला एक मुलगा आला होता. पुण्याच्या एका कंपनीत क्वालिटीच्या जागेसाठी बोलावलं होतं. डिप्लोमा झाल्यावर वर्षभर काय केलं, असं विचारलं तर मान खाली. "काय नाय सर, घरीच होतो." घरी म्हणजे काय करत होतास? "वडिलांचे माग आहेत की अक्कलकोट रोडला. तिथं बसायचो." आता हा 'बसायचो' म्हणजे काय, ते खोदून विचारल्यावर बाहेर आलं. सूत आणायचा, कामगार आला नाही तर माग चालवायचा, तयार चादरी तपासून गठ्ठे बांधायचा. लाइट गेली आणि माग पुन्हा सुरू केला की कापडात आडवी रेघ येते, ही त्याची रोजची डोकेदुखी. ती येऊ नये म्हणून सुरू करण्याआधी काय काय करून पाहिलं आणि त्यातलं कशानं जमलं, हे त्यानं मला हातवारे करून दाखवलं. त्या पाच मिनिटांत त्याचा आवाजसुद्धा बदलला होता. दोष कुठला, तो कशामुळे येतो, उपाय काय केला आणि उपायानंतर माल किती सुधारला, क्वालिटीच्या मुलाखतीत याहून वेगळं काय विचारतात? आणि हा गडी 'घरीच होतो' म्हणून मोकळा होणार होता.

दुसरी मुलगी पूर्व भागातली, बी.कॉम. आई विड्या वळते. पगारपत्रकाचं काम करणाऱ्या एका ऑफिसात तिला बोलावणं आलं होतं. बायोडेट्यात अनुभवाचा रकाना कोरा. बोलता बोलता कळलं, की गल्लीतल्या बायकांच्या पीएफची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची कामं हीच करून देते. विडी कामगारांना पीएफ लागू आहे, पण आधारवर नाव एक, पीएफच्या कागदावर दुसरं, जन्मतारखेचा तर पत्ताच नाही. मग अर्ज परत येतो आणि हक्काचे पैसे अडकून पडतात. ही पोरगी मोबाइलवर त्यांचा यूएएन, म्हणजे पीएफचा बारा आकडी नंबर चालू करून द्यायची, केवायसी भरायची, नावातली दुरुस्ती मालकाकडून मंजूर करून आणायची. मी म्हटलं, बाई, पगारपत्रकाच्या नोकरीसाठी तू हे सांगणार नाहीस तर सांगणार काय? ती म्हणाली, "त्याचे पैसे नाही घेतले सर, मग तो अनुभव कसा होईल?"

होतो. फक्त तो नीट सांगता आला पाहिजे, आणि तुम्ही ज्याला तयारी म्हणता ती इथं सुरू होते. एक वही घ्या. आजवर हातून झालेली चार-पाच कामं आठवा. प्रत्येकात अडचण काय होती, ती सोडवायला तुम्ही स्वतः काय केलंत, शेवटी काय झालं, एवढं लिहा. 'आम्ही केलं' लिहून चालणार नाही. आपल्याकडे 'मी' म्हणायला लाज वाटते, पण नोकरी 'आम्हा'ला मिळत नाही. आकडा आठवत असेल तर घाला, नसेल तर रचू नका, दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडता. चुलत्याच्या दुकानाची उधारी वसूल केली असेल, गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल चालवला असेल, कॉलेजच्या गॅदरिंगचा हिशोब ठेवला असेल, सगळं चालेल. मग ते मोठ्यानं बोलून पाहा. मनातल्या मनात वाचलेलं उत्तर तोंडातून निघताना अडखळतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षा आहे, पण दोनदा ऐकल्यावर आपण प्रत्येक वाक्याआधी 'ॲक्च्युअली' म्हणतो हे कळतं.

आता भाषा. इंग्रजीची भीती घेऊन येणारे इतके असतात, की बाकी सगळं बाजूला राहतं. कामापुरतं इंग्रजी लागतंच, नाही लागत असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण वहीतले तेच चार प्रसंग छोट्या, सरळ वाक्यांत इंग्रजीत बसवले तर बरंचसं काम भागतं. अडलात तर 'मे आय एक्स्प्लेन धिस इन हिंदी?' असं विचारायला हरकत नाही. कारखान्यांतल्या मुलाखतींत बहुतेक जण चालवून घेतात. मला खटकतं ते वेगळंच. बायोडेट्यात भाषांच्या रकान्यात लिहितात मराठी, हिंदी, इंग्रजी. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारा मुलगासुद्धा एवढंच लिहून थांबतो. अरे, विजापूर इथून शंभर किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास. तिकडे माल विकणाऱ्या किंवा ग्राहकांचे फोन घेणाऱ्या कंपनीला मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी चारही बोलणारा माणूस सहज सापडत नाही. इथं मात्र साखर पेठेत तो नाक्यानाक्यावर चहा पीत उभा असतो. लिहा की ते!

बाकीचं थोडक्यात. कंपनी काय बनवते, कुणाला विकते, तुम्हाला बोलावलंय ती जागा कोणत्या कामाची, एवढं वाचून जा. बायोडेटा एका पानाचा पुरे. वडिलांचं पूर्ण नाव, जात, राशी, वजन-उंची हे लग्नाच्या बायोडेट्यासाठी ठेवा. एखादा विषय राहिला होता का, असं विचारलं तर हो म्हणा, कधी निघाला ते सांगा आणि थांबा. त्यावर कहाणी नको. आधी कुठं नोकरी केली असेल तर तिथल्या साहेबाचा उद्धार मुलाखतीत करू नका, कितीही खरा असला तरी.

पुण्याची मुलाखत सकाळी असेल तर आदल्या दिवशी जा. हुतात्मा एक्स्प्रेस सोलापुरातून पहाटे सुटते खरी, पण पुणे स्टेशनलाच साडेदहा होतात. पुढं हिंजवडी किंवा चाकण गाठेपर्यंत दुपार. वंदे भारत 2023 पासून आहे, लवकर पोचवते, पण तिच्या भरवशावरही दहाची वेळ धरू नका. रात्रीच्या बसनं जाऊन स्वारगेटला तोंड धुऊन थेट मुलाखतीला बसणारी मुलं मी पाहिली आहेत. डोळ्यांवरची झोप लपत नाही. मावशीकडे, मित्राच्या रूमवर, कुठंही राहा, पण झोपून जा.

पगाराचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथं आपण गप्प बसतो आणि नंतर घरी येऊन रडतो. 'तीन लाखांचं पॅकेज' म्हणजे महिना पंचवीस हजार हातात, असं समजू नका. समजा बेसिक, म्हणजे महिन्याचा मूळ पगार 12,500 आहे. कंपनीचा पीएफचा वाटा 12 टक्के, म्हणजे 1,500. बऱ्याच कंपन्या तो पॅकेजमध्येच धरतात. तुमचा वाटा तेवढाच, आणखी 1,500. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. मुलींना पंचवीस हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, ते 200 वाचतात. म्हणजे मुलाच्या हातात राहिले 21,800. ग्रॅच्युइटीची तरतूद आणि विम्याचा हप्ताही पॅकेजमध्ये घातला असेल तर आणखी कमी. यातून पुण्यात खोलीभाडं, मेस आणि महिन्याला एक-दोनदा सोलापूरचं तिकीट. म्हणून विचारा, "सर, इन हँड किती येईल?" हा उद्धटपणा नाही. हा प्रश्न आवडला नाही म्हणून मी तरी कुणाला नापास केलेलं नाही. 'किती अपेक्षा आहे' असं त्यांनी आधी विचारलं, तर 'तुम्ही द्याल ते' म्हणू नका. अशाच कामाला इतर ठिकाणी काय देतात, ते दोघा-तिघांना विचारून जा आणि एक आकडा सांगा.

नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागणारा कुणीही असो, रजिस्ट्रेशन म्हणो, ट्रेनिंग म्हणो की लॅपटॉपचं डिपॉझिट, त्याला एक रुपया देऊ नका. दिले असतील तर लाजून बसू नका, सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. आणि लेखी ऑफर हातात पडून ती नीट वाचून होईपर्यंत आहे ती नोकरी सोडू नका. फोनवर 'यू आर सिलेक्टेड' म्हणालेत, एवढ्यावर राजीनामा देऊन पेढे वाटलेला एक जण अजून माझ्याकडे रविवारी सकाळी येतो. आम्ही त्याचा बायोडेटा नव्यानं लिहितोय.