पान किती तास ओलं राहतं?

पॉलिहाऊसमध्ये पाऊस पडत नाही, तरी पिकावर ठिपके येतात. कारण तो पाऊस आपणच पाडतो. शॉवरचा थेंब रोगट पानावर आपटून फुटतो आणि त्याचे तुषार जिवाणू घेऊन शेजारच्या झाडावर बसतात. टोमॅटो, ढोबळीवरचा जिवाणूजन्य ठिपका असाच पसरत जातो. त्यात पान तासन्‌तास ओलं राहिलं की बोट्रायटिस या करड्या बुरशीचं फावतं. रोपवाटिकेत वरून पाणी देण्याला बऱ्याचदा इलाज नसतो. मग ते सकाळीच द्या. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर पानावर राहतं. पानावर पांढरी पावडर आणणाऱ्या भुरीचं मात्र उलटं आहे, तिला पानावर पाणी लागतच नाही. त्यामुळे ठिबक बसवलं म्हणून भुरी जाणार नाही.

ठिबकवर पान कोरडं राहतं, पण खरी चूक पुढे होते. काही ड्रीपर चोक होतात, तेवढीच झाडं माना टाकतात, आणि त्यांच्यासाठी अख्ख्या बेडचं पाणी वाढवलं जातं. ती चार झाडं तहानलेलीच राहतात, बाकीच्यांचा वाफसा (मुळाशी ओल आणि हवेचा मेळ) मोडतो आणि मूळकूज सुरू होते. आधी मोजा. ताशी २ लिटरच्या ड्रीपरखाली १५ मिनिटं डबा ठेवला तर अर्धा लिटर भरला पाहिजे. लॅटरलच्या, म्हणजे ड्रीपर बसवलेल्या नळीच्या, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं बघा. शेवटी कमी भरत असेल तर टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत फ्लश करा. ड्रीपर बुंध्याला चिकटलेला नको, पाच-सात सेंटीमीटर लांब हवा.

निचऱ्याचं पाणी पुन्हा वापरत असाल तर मूळकूज करणारा पिथियम त्यातून फिरतो. त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. आधी गाळा, मग क्लोरिन. १० टक्के क्लोरिनचं हायपोक्लोराइट १००० लिटरला २० मिली म्हणजे २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग), पण हा हिशेब स्वच्छ पाण्याचा. शेवाळ आणि गाळ क्लोरिन खाऊन टाकतात, म्हणून शेवटच्या ड्रीपरवर मोजा, तिथे २ पीपीएम मिळायला हवं. पाण्याचा पीएच ६ ते ७ ठेवा. अमोनियमयुक्त खतासोबत क्लोरिनचा जोर ओसरतो. आणि ॲसिड व हायपोक्लोराइट एका बादलीत कधीच नको, विषारी वायू सुटतो.

एवढं करून शॉवरची नळी मात्र वाटेवरच्या चिखलात पडलेली असते. तोंडाला लागलेली माती पुढच्या ट्रेमध्ये जाते. खांबाला हुक मारा.