गुठळीपाशीच सुटणारे औषध

धमनीतील रक्ताच्या गुठळ्यांवरील उपचारांविषयी आज एक व्याख्यान ऐकले आणि तेव्हापासून मन त्याच विषयात गुंतले आहे. दोन वर्षांपूर्वी वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा गुठळी विरघळवणारे औषध देण्याआधी डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका समजावून सांगितला होता. संमतिपत्रावर सही करताना माझा हात थरथरत होता. ते औषध रक्तावाटे सगळ्या शरीरात पसरते, हे त्या धोक्याचे एक मोठे कारण आहे, हे आज नीट उमगले.

२०१२ साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांवर केलेला प्रयोग मला विलक्षण वाटला. धमनी जिथे अरुंद झालेली असते तिथे रक्तप्रवाहाचा ताण वाढतो आणि त्या ताणानेच नॅनोकणांचे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे, पुंजके फुटून औषधाचा लेप असलेले कण गुठळीला चिकटतात. म्हणजे अडथळाच औषधाला आपला पत्ता सांगतो! असे नॅनोकण लोहाच्या ऑक्साइडचे असतील तर ते एमआरआयमध्ये दिसू शकतात, त्यामुळे गुठळीवर लक्ष ठेवण्याचीही शक्यता निर्माण होते. हे कण यकृतात आणि प्लीहेत साचतात का, हे मात्र काटेकोरपणे तपासावेच लागते.

रात्री हे सारे वडिलांना सांगितले; ते बराच वेळ प्रश्न विचारत राहिले.