झाकण काढलेला स्टार्टर

सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी वीज उपकेंद्रात ड्युटीवर होते. शाळा म्हटलं की प्रार्थना, कवायत, मैदानाकडेचं चिंचेचं झाड, सगळंच आठवतं. पण मला लिहायचं आहे ते नववीतल्या एका दुपारबद्दल आणि दहावीतल्या एसटीच्या एका प्रवासाबद्दल. माझं आजचं घर त्या दोन दिवसांवर उभं आहे.

आमचं चार एकर वावर. विहिरीवर तीन एचपीची मोटर. थ्री फेज लाईन यायची ती बहुतेक रात्री, आणि बाबांना रात्री कमी दिसायचं. मोटर चालू-बंद करायची पेटी म्हणजे स्टार्टर; तो अडकला की बॅटरी धरायला मी सोबत जायची. हळूहळू बॅटरी बाबांच्या हातात गेली आणि टेस्टर माझ्या हातात आला. किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून ठेवायचे, टेस्टर लावून खात्री करायची, मग झाकण उघडायचं. पॉइंट जळून काळे पडले असतील तर पॉलिशपेपरनं घासायचे. मोटर फिरायचं सोडून नुसती घुमायला लागली की तीनपैकी एक फेज गेला समजायचं आणि लगेच लाल बटण दाबायचं. नाहीतर वायंडिंग, म्हणजे आतल्या तारांची वेटोळी, जळतं आणि ऐन तुरीच्या ओलिताच्या वेळी मोटर दुकानात जाऊन पडते. हे सगळं मला येत होतं. पण डवरणी-वेचणीसारखंच हेही घरचं काम. त्याला कोणी शिक्षण म्हणत नव्हतं, मीही नाही.

नववीत असताना शाळेच्या बोअरची मोटर बंद पडली. दोन दिवस झाले तरी वायरमन फिरकला नव्हता. मी विज्ञानाच्या सरांना भीतभीत विचारलं, "सर, मी पाहू का?" सर रागावले नाहीत. त्यांनी स्वतः मेन स्विच बंद केला, माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "काय करून राहिली, ते मले सांगत जाय." मी सांगत गेले. लाईन असेपर्यंत स्टार्टर धरून ठेवणारी नो-व्होल्ट कॉईल असते, तिची वायर तुटली होती. पाणी सुरू झाल्यावर सरांनी वही काढली आणि मी बोलले ते त्यांच्या अक्षरात लिहून घेतलं. आपल्याला इतकं येतं, हे मला त्या दुपारी कळलं.

तेव्हा आमच्या वर्गाला ठाऊक असलेल्या नोकऱ्या एका हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या: मास्तर, पोलीस, फौजी, तलाठी, डॉक्टर. गावात पगार घेणारी माणसं तेवढीच दिसायची. मुलींसाठी तर डी.एड. नाहीतर नर्सिंग, आणि तेही सासर ठरेपर्यंत. पोरं स्वप्नं पाहत नाहीत असं आमच्या भागाबद्दल बोललं जातं, ते मला पटत नाही. जे कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, ते पोरगं मागणार कसं?

दहावीच्या हिवाळ्यात सरांनी आम्हा आठ जणांना एसटीनं यवतमाळच्या आयटीआयमध्ये नेलं. तिकिटं कोणी काढली, हे आम्ही विचारलंही नाही. इलेक्ट्रिशियनच्या वर्गात टेबलावर एक मोटर खोलून ठेवलेली होती. जिचा नुसता आवाज मी ओळखत होते, तिचं पोट त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तांब्याच्या तारांची वेटोळी, पिवळा इन्सुलेशनचा कागद, वॉर्निशचा वास. तिथल्या निदेशकांनी एक वेटोळं माझ्या हातात दिलं आणि वेढे मोजायला लावले. परत येताना आमच्यातला एक जण म्हणाला, मला यातलं काहीच आवडलं नाही. तो पुढे कृषी पदविकेला गेला आणि आज स्वतःची रोपवाटिका चालवतो. त्यालाही त्या दिवसाचा उपयोगच झाला.

बाबा तयार नव्हते. "सर, पोरीले खांबावर चढवता का?" सर आमच्या ओसरीवर बसून म्हणाले, "खांबाचं मांग पाहू. आधी तिले शिकू तं द्या." तीनदा आले ते. तिसऱ्या वेळी आई आतून म्हणाली, "रातच्याले स्टार्टर खोलते, तवा नाई म्हनत तुमी." त्यावर बाबा काही बोलले नाहीत.

दोन वर्षं आयटीआय, मग अप्रेंटिसशिप, पुढे विद्युत सहाय्यक, आता तंत्रज्ञ. माझ्याच वर्गातल्या दोघीजणी मात्र हुशार असून भरडल्या गेल्या. एका खाजगी डी.एड. कॉलेजात डोनेशन भरायला घरच्यांनी बैलजोडी विकली. पुढे शिक्षकभरती वर्षानुवर्षं रखडली, २०१३ मध्ये टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली, आणि त्या दोघी अजून कापूस वेचतात. त्यांना दुसरी एकही वाट कोणी दाखवली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

२०१६ मध्ये दहावीच्या मुलांची कल चाचणी, म्हणजे आवड कशात आहे ते पाहणारी चाचणी, सुरू झाली. माझ्या भाच्याचा कल 'तांत्रिक' आला. कागद घेऊन तो माझ्याकडे आला, "मावशी, म्हंजे कराचं काय?" त्यानं लेथ मशीन पाहिलेलं नव्हतं. चाचणी हवीच, पण तिच्यामागून एसटीची एक फेरीही हवी.

म्हणून शाळेतल्या आजच्या सरांना आणि बाईंना माझी विनंती आहे. आठवीच्या मुलांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवाच. त्यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि तेवढ्यावर एखाद्या पोरीची शाळा टिकते. आयटीआयची दोन वर्षं पूर्ण केली की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे पालकसभेत मोठ्यानं सांगा. आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं, असं समजूनच आईबाप नको म्हणतात. आणि वेचणीचा जोर ओसरला की दहावीची मुलं यवतमाळला न्या. दरवर्षीच्या तिकिटांचे पैसे मी देईन.

बाबा गेल्यावर वावरातला जुना स्टार्टर मी घरी आणला होता. तो लाकडी फळीवर बसवून महोत्सवाच्या दिवशी विज्ञानाच्या खोलीसाठी देत आहे. लाईन जोडलेली नाही, पोरांनी खुशाल हात लावावा. झाकण मी बसवलेलं नाही.